खारीक घरी आली: पिल्लाचे पहिले आठवडे, लसींच्या तारखा आणि मध्येच आलेली दिवाळी

गणपती गेले आणि आम्ही पिल्लू आणायचं नक्की केलं. विकत घ्यायचं नाही, रस्त्यावरचं देशी पिल्लूच दत्तक घ्यायचं, यावर घरात पहिल्यापासून एकमत होतं. कोथरूडमध्ये आमच्या मागच्या गल्लीत एका इमारतीचं बांधकाम चालू आहे. तिथल्या कुत्रीला ऑगस्ट २०२४च्या शेवटी पिल्लं झाली होती. त्या कुटुंबाला रोज खायला घालणारी एक ताई आहे. तिला सांगितलं, ‘एक आम्हाला दे.’ मला वाटलं होतं, ती लगेच हो म्हणेल. तिने दोन पानी अर्ज हातात ठेवला.

घर स्वतःचं की भाड्याचं? दिवसा घरी कोण असतं? बदली झाली तर कुत्र्याचं काय करणार? घरातल्या प्रत्येकाची संमती आहे का? लसीकरण आणि पुढे नसबंदी करून घेण्याची लेखी हमी, आधारची झेरॉक्स, आणि मग ती स्वतः घर बघायला आली. बाल्कनीच्या गजांमधून पिल्लाचं डोकं सहज बाहेर जाईल, हे तिच्याच लक्षात आलं. आम्ही ३५० रुपयांची हिरवी जाळी आणून गजांना तारेने बांधली. आणखी एका गोष्टीवर ती अडून बसली: सात आठवडे पुरे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं कळवळतं आणि खेळ थांबतो. किती जोराने चावायचं हे पिल्लू तिथेच शिकतं. ही चौकशी त्या वेळी जाचक वाटली होती. आता कुणी न विचारता पिल्लू देऊ केलं तर मला त्याचीच काळजी वाटेल.

सोसायटीचं आधीच उरकून घ्या. आमच्या सेक्रेटरी काकांनी ‘कमिटीची परवानगी लागेल’ असं सांगितलं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना मी छापून नेल्या. सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाईही करता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सोबत आमचं पत्र जोडलं: लसीकरण करू, परवाना काढू, बाहेर नेताना पट्टा लावू, जिन्यात घाण झाली तर लगेच पुसू. काका वाद घालणारे नाहीत, त्यांना कागद हवा होता. आमच्या प्रतीवर पोचपावतीचा शिक्का तेवढा मागून घेतला. तुम्हीही घ्या, कमिटी बदलली की तोंडी बोलणं कुणाला आठवत नाही.

१३ ऑक्टोबर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी ती घरी आली. माझा मुलगा पाचवीत आहे. तिचा रंग बघून त्याने नाव ठेवलं खारीक. ताईने सोबत एक मळकं फडकं दिलं होतं, आई आणि भावंडं ज्यावर झोपायची ते. ‘हे धुऊ नका, तिच्या टोपलीत ठेवा,’ म्हणाली.

पहिली रात्र अवघड गेली. टोपली हॉलमध्ये ठेवली होती, आणि दिवा मालवला की तिचं रडणं सुरू व्हायचं. सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, आजपर्यंत कधी एकटं झोपलंय का ते लेकरू? तुमच्या खोलीत घे.’ टोपली आमच्या पलंगाशेजारी आणली, मी हात खाली सोडून ठेवला आणि ती झोपली. एवढ्या लहान पिल्लाला रात्री माणसाजवळ ठेवल्याने काही बिघडत नाही. फायदाच होतो, कारण ती चुळबुळली की लगेच कळतं आणि गादी ओली व्हायच्या आत उचलता येतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला साधारण तीन तासांच्या वर लघवी धरवत नाही. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या: दीडचा गजर माझा, साडेचारचा नवऱ्याचा. उचलायचं, बाल्कनीतल्या वर्तमानपत्रावर ठेवायचं, झालं की हळू आवाजात शाबासकी आणि एक दाणा, पुन्हा टोपलीत. त्या वेळी दिवा लावायचा नाही, खेळायचं नाही.

१४ तारखेला पशुवैद्यांकडे गेलो. तपासणीचे ५०० रुपये. वजन २ किलो ३०० ग्रॅम, पोट ढोलासारखं ताठ. डॉक्टरांनी बघताक्षणी जंत सांगितले. जंताचं औषध वजनावर मोजून तिथेच पाजलं आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायला सांगितलं. कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड होते, ते चिमट्याने काढले. गोचीड नखांनी चिरडू नयेत आणि गोचिडांचं कुठलंही औषध मनाने लावू नये. मोठ्या कुत्र्यांचं औषध पिल्लांना बाधू शकतं. लस मात्र लगेच दिली नाही. ‘चार दिवस नीट खाऊ दे, मग बघू.’

दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन आला. खारकीच्या एका भावाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले होते. पार्व्हो.

पार्व्हो म्हणजे पिल्लांचा काळ. आतड्यांचं अस्तरच तो विषाणू खाऊन टाकतो, अंगातलं पाणी संपतं, आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. म्हणजे खारीक आमच्याकडे येण्याआधीच तिला लागण झालेली असू शकत होती. त्या दिवसांत मी दर थोड्या वेळाने तिच्या हिरड्यांचा रंग बघत होते. १८ तारखेला सकाळी तिने खाणं सोडलं आणि फेसाळ उलटी केली. रिक्षात ती माझ्या ओढणीत गुंडाळलेली होती आणि मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत होते. दवाखान्यात शीचा नमुना घेऊन पट्टीवरची चाचणी केली. ९०० रुपये आणि दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत नवरा आणि मी एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. पट्टीवर एकच रेघ आली. पार्व्हो नव्हता, उलटीत जंत पडले होते, त्याचाच त्रास होता. तिचा भाऊ चार दिवस सलाइनवर होता. तो गेला. ताईने त्याच्या उपचाराला लोकांकडून पैसे गोळा केले होते, त्यात आम्हीही दिले, तरी गेला.

म्हणून सांगते, लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, सोसायटीच्या हिरवळीवर खाली सोडू नका. हा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. डॉक्टरांनी ब्लीच सांगितलं: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि पुसल्यावर दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. त्या वेळी पिल्लू दुसऱ्या खोलीत. चपला दाराबाहेर, बाहेरून आल्यावर हात-पाय धुतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा नियम सासूबाईंनी इतका मनावर घेतला की कुरिअरवालाही उंबऱ्याबाहेर थांबू लागला.

पार्व्होची भीती सरते न सरते तोच १९ तारखेच्या संध्याकाळी खेळता खेळता तिने मुलाच्या मनगटावर दात लावला. रक्त आलं नाही, पण साल निघालं. नळाखाली हात धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतला. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हळद, तिखट, चुना असलं काहीही लावायचं नाही. मग तडक महापालिकेच्या दवाखान्यात. ‘घरातलंच पिल्लू आहे, एवढंसं आहे,’ असं म्हणून आपण सोडून देतो. पण लस न झालेलं, रस्त्यावरून आलेलं पिल्लू असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय राहू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. केसपेपर काढला, रांगेत पाऊण तास गेला. साल निघालं पण रक्त नाही, म्हणजे दुसरी श्रेणी. यात लस पुरते. रक्त आलं असतं तर ती तिसरी श्रेणी, आणि मग जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. लस मोफत मिळाली, दोन्ही दंडांवर कातडीत एकेक छोटं इंजेक्शन. कार्डावर तारखा लिहून दिल्या: १९, २२, २६ ऑक्टोबर आणि १६ नोव्हेंबर. कार्ड जपा, प्रत्येक वेळी तेच मागतात. मुलगा रडला नाही. त्याची काळजी एवढीच होती, की आता खारकीला परत पाठवणार का.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात माझ्या मनात ते येऊन गेलं होतं. सलग झोप नव्हती, ऑफिसचं काम घरून चाललं होतं, फरशी दिवसातून कितीदा पुसत होते कोण जाणे. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिच्या अंगात वारं शिरायचं: साडीचा काठ, पडदे, घोटे, जे दिसेल ते धरायची. नाही म्हटलं की जास्तच. एका संध्याकाळी मी न्हाणीघराचं दार लावून रडले. रात्री ताईला फोन केला. तिने परत आण असंही म्हटलं नाही आणि धीर धर असंही नाही. विचारलं, ‘दिवसभरात झोपते किती?’

मला सांगता येईना. ती म्हणाली, उद्या वहीत लिही. लिहिलं, तेव्हा जेमतेम अकरा तास भरले. या वयाच्या पिल्लाला अठरा ते वीस तास झोप लागते! आमच्याकडे नवं पिल्लू म्हणून शेजारीपाजारी, मुलाचे मित्र, नणंदेची मुलं, कुणी ना कुणी तिला उठवतच होतं. तान्हं बाळ झोपेविना किरकिरतं, पिल्लू झोपेविना चावतं. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ लावलं: एक तास जागी, दोन तास झोप. जागेपणीच्या तासात शू, खाणं, खेळ, थोडं शिकणं. मग कुंपणात, वर चादर टाकून अंधार, पंखा चालू, आणि घरातल्या कुणीही हाक मारायची नाही. कुंपण म्हणजे जोडायच्या जाळ्यांचं, २,८०० रुपयांचं. सगळ्या खरेदीत हा पैसा सर्वांत कामी आला. तीन-चार दिवसांत संध्याकाळचं चावणं निम्म्यावर आलं. पिल्लू ऐकत नाही, वेड्यासारखं करतं, असं मला कुणीही सांगितलं की आता मी आधी झोपेचं विचारते.

कुंपणाचा दुसरा उपयोग आमच्या कामाच्या मावशींना झाला. लहानपणी कुत्रं चावल्यामुळे त्यांना फार भीती. सकाळी नऊ ते दहा त्या येतात तेव्हा खारीक कुंपणात, हे पक्कं केलं. आता त्या जाताना तिच्याशी लांबून दोन शब्द बोलतात. तिला जवळ न्यायचा आग्रह आम्ही केलेला नाही.

खाण्यावरून घरात थोडी चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं दूध-भाकरी. दूध दिलं, दुसऱ्या दिवशी पातळ शी. आईचं दूध सुटल्यावर पुष्कळ पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही. दही थोडं चालतं. आमच्या घरात मांस-अंडं शिजत नाही आणि वाढत्या पिल्लाला तर प्रथिनं हवीत, म्हणून पिल्लांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा. तीन किलोची पिशवी ९५० रुपयांना पडली. शेवटचं जेवण रात्री आठच्या आत दिलं की रात्रीचे गजर हलके होतात.

शी-शूचं गणित सोपं आहे, पण त्यात खंड पडून चालत नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच कागदावर. चुकीच्या जागी झाली तर गप्प बसून पुसायचं. नाक घासणं, ओरडणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसादेखत शू करू नये, आणि मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. अमोनियाचा वास असलेली द्रव्यं वापरू नका, तो वास लघवीसारखाच लागतो आणि ती पुन्हा तिथेच जाते. त्याऐवजी लघवीचा वास मुळातून घालवणारं एन्झाइमवालं द्रव्य ४५० रुपयांना मिळालं.

२२ ऑक्टोबरला खारकीची पहिली लस, डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि पार्व्होची, ७०० रुपये. त्याच दिवशी मुलाचा दुसरा डोस. दोघंही संध्याकाळी एकाच चटईवर आडवी पडली होती. लसीनंतर दिवसभर सुस्ती चालते. तोंड सुजलं किंवा सारख्या उलट्या झाल्या तर मात्र लगेच न्यायचं. एक लस देऊन का भागत नाही, हे डॉक्टरांनी छान समजावलं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाही निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी लस देत राहायची.

आणि मग दिवाळी. खारीक दहा आठवड्यांची होणार होती. साधारण आठ ते अकरा आठवड्यांच्या काळात बसलेली भीती पिल्लाच्या मनात खोल राहते, आणि पुण्यात फटाके वसुबारसेपासूनच वाजायला लागतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठ दिवस आधीपासून तयारी केली. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा, आणि तो चालू असतानाच जेवण द्यायचं. ती निवांत खात असेल तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवायचा. कान मागे गेले, खाणं थांबलं, की पुन्हा कमी.

घरात सगळ्यात आतली खोली म्हणजे देवघराशेजारची कोठी. तिथे तिची टोपली, ते मळकं फडकं, खिडकीला गोधडी, पंखा पूर्ण वेगात आणि रेडिओ. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली आहे. ती पाळली जाते असं नाही, पण जोर त्याच वेळात असतो. म्हणून खाणं-शू संध्याकाळी सहाच्या आत उरकलं, आणि आठ वाजता गोठवलेलं दही लावलेलं रबरी खेळणं दिलं. चाटल्याने पिल्लू शांत होतं. पहिली लड वाजली तेव्हा ती थरथरत माझ्या मांडीत शिरली. घाबरल्यावर जवळ घेतलं तर भित्रेपणा वाढतो, असं अनेक जण सांगतात. डॉक्टरांनी उलट सांगितलं होतं: जवळ येते तर येऊ दे, तू फक्त शांत राहा. साडेनऊला ती पुन्हा खेळणं चाटायला लागली. माणसांची झोपेची गोळी वगैरे देण्याचा विचारही करू नका.

फराळाचं वेगळंच. बेसनाच्या लाडवात बेदाणे, चिवड्यात मनुका, पाहुण्यांनी आणलेले चॉकलेटचे डबे. द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्यांची किडनी खराब करू शकतात. चॉकलेट आणि कांदाही विषारी. सासूबाईंनी यंदा लाडवांत बेदाणे घातलेच नाहीत, चारोळी लावली. पणत्या कठड्यावर वरती ठेवल्या. गळ्यात नाव आणि आमचा फोन नंबर असलेला बिल्ला, १२० रुपयांचा, तो या दिवसांत घरातही काढला नाही. फटाक्यांना बिथरून उघड्या दारातून पळालेली कुत्री दर दिवाळीत हरवतात.

या सगळ्यात तिला घरात डांबून ठेवलं नव्हतं. पिल्लाचं मन नव्या गोष्टींना मोकळं असतं ते साधारण चौदा आठवड्यांपर्यंत, आणि लसी पुऱ्या व्हायला त्याहून उशीर. यावर उपाय म्हणजे कडेवर घेऊन फिरणं. मी शबनम पिशवीत बसवून तिला पौड रोडवर मेट्रोच्या पुलाखाली न्यायचे. रिक्षा, हेल्मेट घातलेले लोक, छत्री, भाजीवाली मावशी, शाळेची बस. प्रत्येक नव्या गोष्टीला एक दाणा. जास्त वेळ नाही, दहा-पंधरा मिनिटं.

पुढच्या लसी १२ नोव्हेंबर, ३ डिसेंबर आणि २४ डिसेंबरला झाल्या. नऊ आजारांची एकत्रित लस दर वेळी ९०० रुपये, आणि ३ डिसेंबरला सोबत रेबीजची, ३५० रुपये. रेबीजची लस तीन महिने पुरे झाल्यावर देतात. त्या प्रमाणपत्रावर बॅच नंबरचं स्टिकर, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते दवाखान्यातच तपासा; महापालिकेच्या परवान्याला ते प्रमाणपत्र लागतं. परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरला: लसीचं प्रमाणपत्र, लाइट बिल, कुत्र्याचा फोटो. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण बिल सासूबाईंच्या नावावर आणि अर्ज माझ्या. सासूबाईंचं संमतीपत्र आणि माझं आधार जोडून पुन्हा पाठवला, मग मंजूर झाला. शुल्क फारसं नाही, पण दर वर्षी नूतनीकरण आहे. परवान्याची पोचपावती आधीच्या पत्रामागे जोडून सेक्रेटरी काकांना दिली.

आल्यापासून वर्षाखेरीपर्यंत खारकीवर बारा हजारांच्या आसपास खर्च झाला. त्यात कुंपण आणि भांडीकुंडी एकदाचीच. महिन्याचं खाणं आणि औषध दोन हजारांत बसतं. आजारपणासाठी वेगळे पाच-सहा हजार बाजूला ठेवा, कारण ती वेळ रात्री येते आणि रात्रीच्या दवाखान्याची फी दुप्पट असते.

तिच्या आईचं सांगायचं राहिलं. पिल्लं अंगावर पीत असताना कुत्रीची नसबंदी करत नाहीत, म्हणून ताई थांबली होती. उरलेल्या पिल्लांना घरं मिळाली आणि डिसेंबरमध्ये महापालिकेची गाडी तिला घेऊन गेली. २०२३च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्र्याला उचललं त्याच जागी परत सोडावं लागतं. ती परत आली, कानाला नसबंदीच्या खुणेची खाच घेऊन. बांधकामावरचा वॉचमन तिला आता रात्री आपल्या खोपटाशेजारी पोत्यावर झोपू देतो. खारकीची नसबंदी सहा महिने झाल्यावर करायची, डॉक्टरांनी फेब्रुवारीच्या शेवटची तारीख दिलीय. त्याआधी एकदा रक्त तपासून घ्या, आणि टाके निघेपर्यंत कुणी ना कुणी घरी असेल असा आठवडा निवडा. आमच्याकडे मुलाची परीक्षा मार्चमध्ये आहे, तेव्हा नवऱ्याने आत्ताच रजा टाकून ठेवलीय.